नाव सापडेना म्हणून संगणक अडतो

प्रश्न : कार्यालयात विंडोजचे १२ संगणक आणि एक डोमेन सर्व्हर (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा संगणक) आहे. वेबसाइट हळू उघडतात म्हणून सगळ्या संगणकांत डीएनएस (नावावरून आयपी क्रमांक, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, सांगणारी सेवा) ८.८.८.८ करून घेतला. आता सकाळी लॉगिनला चार-पाच मिनिटं लागतात, सर्व्हरवरचं फोल्डर उघडताना खिडकी गोठते. रॅम ८ची १६ जीबी केली, तरी फरक नाही. (करसल्लागार, सांगली)

उत्तर : रॅमचा इथे संबंध नाही. खिडकी गोठलेली असताना टास्क मॅनेजर उघडून पाहा. प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही जवळजवळ रिकामी दिसली, तर संगणक काम करत नाहीये, कशाची तरी वाट पाहतोय. मग फोल्डर एकदा सर्व्हरच्या नावाने आणि एकदा त्याच्या आयपी क्रमांकाने उघडा. क्रमांकाने लगेच उघडलं, तर दोष नाव शोधण्यात आहे.

लॉगिन करताना विंडोज डोमेन सर्व्हरचा पत्ता डीएनएसलाच विचारतो. ही नोंद फक्त तुमच्या सर्व्हरवरच्या डीएनएसमध्ये असते. ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस आहे, त्याला तुमच्या कार्यालयातली नावं कुठून माहीत असणार? तो ‘असं नाव नाही’ म्हणतो. मग विंडोज दुसऱ्या मार्गांनी शोधतो, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबतो आणि शेवटी संगणकात साठवलेल्या जुन्या लॉगिनवर तुम्हाला आत घेतो. म्हणूनच त्या संगणकावर आधी कधीच न बसलेल्या नव्या कर्मचाऱ्याला लॉगिन मुळीच जमणार नाही.

उपाय असा. सर्व्हरचा आयपी समजा १९२.१६८.१.१० आहे. सगळ्या संगणकांत डीएनएस म्हणून हा एकच क्रमांक हवा. संगणक आयपी आपोआप घेत असतील, तर राउटरच्या डीएचसीपीमध्येच (आयपी आपोआप वाटणाऱ्या सेवेत) तो भरा, म्हणजे १२ ठिकाणी हात लावायला नको. ८.८.८.८ ठेवायची जागा वेगळी आहे: सर्व्हरवर डीएनएस मॅनेजर उघडा, सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘फॉरवर्डर्स’मध्ये तो लिहा. बाहेरची नावं सर्व्हर तिथून विचारून आणेल.

‘सर्व्हर पहिला आणि ८.८.८.८ दुसरा ठेवू’ हा मोह मात्र टाळाच. दुसरा डीएनएस पहिल्याला नाव सापडलं नाही म्हणून विचारला जात नाही. पहिल्याने उत्तरच दिलं नाही तर विचारला जातो. सर्व्हर रीस्टार्ट होताना विंडोज एकदा दुसऱ्याकडे वळला की काही काळ तिथेच विचारत राहतो, आणि तिथे ‘असं नाव नाही’ हे पूर्ण उत्तर धरलं जातं. असा बिघाड अधूनमधून येतो, म्हणून शोधायला सगळ्यात त्रासदायक. सर्व्हर बंद पडला तर इंटरनेटही अडेल ही भीती रास्त आहे. त्यावर खरा इलाज म्हणजे दुसरा डोमेन सर्व्हर.

बदल केल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ला ‘/फ्लशडीएनएस’ जोडून जुनी उत्तरं पुसा, मग ‘/ऑल’ जोडून डीएनएसची यादी वाचा. राउटरने आयपीव्ही६ (लांब पत्त्यांची नवी पद्धत) मधून स्वतःचा डीएनएस घुसवलेला दिसला, तर तोही राउटरमध्येच बंद करा. इथे बरेच जण फसतात: ओळखीचा क्रमांक बरोबर दिसतो आणि त्याच्या शेजारची लांबलचक ओळ कोणी वाचत नाही.

प्रश्न : उबुंटू लिनक्समध्ये संगणकाचं नाव बदललं. तेव्हापासून प्रत्येक ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) आज्ञेनंतर दहाएक सेकंद काहीच होत नाही. (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : ‘सुडो’ संगणकाचं स्वतःचं नाव शोधतं. नवं नाव ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘होस्टनेम’ फाइलमध्ये गेलं, पण शेजारच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये जुनंच राहिलं असणार. तिथे १२७.०.१.१ च्या ओळीत नवं नाव लिहा. रीस्टार्ट लागत नाही. विलंब नेमका दहाएक सेकंदांचा असेल, तर डीएनएस सर्व्हरही उत्तर देत नाहीये: लिनक्स साधारणपणे एका प्रयत्नाला ५ सेकंद थांबतो आणि २ प्रयत्न करतो. तोही तपासा, नाहीतर ब्राउझरमध्ये हाच विलंब भेटेल.