त्याच खोलीत बोल

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रतिज्ञेचा मसुदा वाचला. 'सर्व प्रकारच्या वंशभेदाला आणि दडपशाहीला मी आयुष्यभर विरोध करीन.' वाक्य सुरेख आहे आणि निरुपयोगी. शब्द तपासून द्या म्हणालीस. मला मात्र पत्राच्या शेवटी घाईघाईत लिहिलेल्या चार ओळी जास्त खऱ्या वाटल्या. मैत्रिणींच्या घोळक्यात कुणीतरी एकीच्या रंगावरून विनोद केला, सगळ्या हसल्या, तूही हसल्यासारखं केलंस. रात्री तिला 'सॉरी' असा मेसेज टाकलास. उत्तर आलं नाही.

येणारही नाही. हसणं चारचौघींत झालं आणि माफी तेवढी गुपचूप!

मला हे कसं ठाऊक? एका निवड समितीत आम्ही तिघे होतो. सर्वांत चांगली मुलाखत दिलेल्या मुलाचा अर्ज बाजूला सरकवत एक जण म्हणाला, 'हा आपल्यात रुळणार नाही.' का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांनाच कळलं होतं. मी पेनाचं टोपण काढत-लावत राहिलो आणि मग सही केली. नंतर जिन्यात त्या मुलाला गाठून म्हणालो, 'माझं मत तुझ्या बाजूने होतं हं.' त्याने शांतपणे विचारलं, 'आत सांगितलंत?'

त्याच खोलीत बोल. प्रतिज्ञेत एवढंच लिही, बाकीचं खोडून टाक.

1968 च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमधला तो फोटो तू पाहिला असशील. अमेरिकेचे काळे धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस, वंशभेदाच्या निषेधात काळ्या हातमोज्यातल्या मुठी वर. तिसऱ्याकडे कधी नीट बघितलंस? रौप्यपदक जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा गोरा धावपटू, पीटर नॉर्मन. त्याने मूठ उगारली नाही. पण मानवी हक्कांच्या मोहिमेचा त्या दोघांसारखाच बिल्ला छातीवर लावून तो त्याच चौथऱ्यावर उभा राहिला. बिल्लाही ऐन वेळी दुसऱ्या खेळाडूकडून मागून घेतलेला. खोलीवर परतल्यावर त्यांची पाठ थोपटणं त्याला सोपं होतं. 2006 मध्ये तो गेला, तेव्हा स्मिथ आणि कार्लोस यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला.

भाषण करता येत नाही म्हणतेस. अगं, भाषण मागतंय कोण? अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत 1955 च्या डिसेंबरात वंशभेदाविरुद्ध काळ्या नागरिकांचा बसवर बहिष्कार सुरू झाला, तेव्हाच्या मागण्या बघ: चालकांनी सभ्यपणे वागावं, आधी येईल त्याला आधी जागा मिळावी, काळ्या वस्तीच्या मार्गांवर काळे चालक नेमावेत. एवढ्यावर सुरू झालेला बहिष्कार 381 दिवस चालला. तूही नेमकं विचार: 'यात हसण्यासारखं काय आहे?' चार शब्द. आवाज कापला तरी चालेल.

त्या जिन्यानंतर मी प्रत्येक बैठकीत तोंड उघडलं. 'किरकिऱ्या' हे नाव पडलं, पुढे दोन समित्यांतून माझं नाव गळलं. कधीकधी मी जास्तच ताणलं असेन, मान्य. पण लोक अजून ऐकवतात, 'जरा जुळवून घेतलं असतं, तर आत राहून काही करता आलं असतं.' अहो, आत राहूनच तर सही केली होती मी!

असो. घोळका पुन्हा जमेल तेव्हा ती तिथे असो वा नसो, विषय तूच काढ. काय झालं ते कळव. मसुदा सोबत परत पाठवतोय, तपासलेला नाही.