शाळेत जावंसंच वाटत नाही

सुट्टी संपली की मदतीसाठी मला शिक्षकांचे फोन सुरू होतात. गोव्यातलं पेडणे असो वा सत्तरी, प्रश्न तोच: "शिकवण्यातला रसच गेलाय. मी आळशी झाले का?"

सत्तरीतल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेतल्या बाई अशाच आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी एकाच खोलीत. यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, माध्यान्ह आहाराच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवर 'आजच्या आज पाठवा' म्हणून येणारे तक्ते, मतदारयादीचं काम... त्या बोलत राहिल्या. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई, एवढं सांगितलंत, त्यात एकाही मुलाचं नाव आलं नाही."

त्या गप्प झाल्या. मग बाकांच्या क्रमानं नावं घेऊ लागल्या आणि दुसरीतल्या एका मुलापाशी थांबल्या. जोडाक्षर दिसलं की तो पान उलटायचा. "परवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून त्यानं 'कालनिर्णय' वाचलं. सबंध. मी तक्ता भरत होते. बस रे जाग्यावर, म्हटलं त्याला." आणि त्यांना रडू फुटलं.

मला हवी होती ती जागा हीच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या अवस्थेची, म्हणजे 'बर्नआउट'ची (कामाच्या सततच्या ताणानं कोमेजून जाण्याची), तीन लक्षणं मांडली: थकवा, कामाबद्दल तुटलेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. सुट्टीनं पहिलं हलकं होतं. तिसऱ्याला सुट्टी पुरत नाही, तिथं आपल्या कामाचं फळ डोळ्यांना दिसावं लागतं. माझा सगळा भर त्यावरच असतो.

आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. पहिला तास वाचनाचा, मोबाईल कपाटात. शाळा सुटताना वहीत एक ओळ: आज कुणाला काय आलं. तक्ते कमी झाले नाहीत, पण काही आठवड्यांनी बाई आल्या त्या वही घेऊनच, आणि बोलणं मुलांपासून सुरू झालं.

सगळा भार शिक्षकानंच पेलावा असं मात्र मी म्हणणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपता येत नाही. त्यापलीकडचं काम आलं तर चारचौघांनी मिळून लेखी विचारा, एकट्यानं नको.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर वहीवर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जायला संकोच करू नका.