वाचकांचे प्रश्न : स्कारा ब्रे पाहायला जाताना

प्रश्न : जूनमध्ये मुलीकडे एडिनबर्गला जाणार आहोत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरची स्कारा ब्रे ही अश्मयुगीन वस्ती एका दिवसात पाहून येता येईल का? – एक वाचक, ठाणे

एका दिवसाचा बेत करू नका. एडिनबर्गहून स्क्रॅबस्टर बंदरापर्यंतच साधारण सव्वाचारशे किलोमीटर रस्ता आहे. गाडीने सहा तास सहज जातात. पुढे ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेस बंदरापर्यंत फेरीबोटीचा दीड तास. विमानाने ऑर्कनीतल्याच कर्कवॉल गावी उतरलात तर बराच वेळ वाचेल. तरीही बेटावर निदान दोन मुक्काम हवेतच. स्कारा ब्रे स्ट्रॉमनेसपासून सुमारे ११ आणि कर्कवॉलपासून ३० किलोमीटरवर आहे. बस मोजक्याच असतात, तेव्हा निघण्यापूर्वी परतीची वेळ पाहून ठेवा.

तिकीट ऑनलाइन काढा. त्याआधी बेटावरच्या बंदरांच्या वेळापत्रकात त्या दिवशी मोठं क्रूझ जहाज लागणार आहे का, तेवढं तपासा. जहाजाच्या प्रवाशांच्या बस एकापाठोपाठ येतात आणि वस्तीभोवतीच्या अरुंद वाटेवर थांबून नीट पाहणं अशक्य होतं. अशा दिवशी उघडल्या उघडल्या जावं. छत्रीचा उपयोग नाही, वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट आणि जून असला तरी एक स्वेटर बरोबर असू द्या.

प्रश्न : घरांच्या आत जाता येतं का? पाहून आलेले काही जण म्हणाले, ‘दगडी खड्डे आहेत नुसते.’ – एक वाचक, पुणे

मूळ घरांत उतरता येत नाही. वरच्या वाटेने फिरत खाली पाहायचं असतं. काय पाहायचं हे ठाऊक नसलं तर खड्डेच दिसतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी प्रदर्शन, मग स्वागतकेंद्राशेजारचं प्रतिकृती-घर, आणि शेवटी वस्ती. प्रतिकृतीत वाकून शिरावं लागतं. गुडघे दुखत असले तरी शक्य असेल तर शिराच, कारण दार एवढं ठेंगणं का ठेवलं ते आत गेल्यावर कळतं: वारा आणि थंडी बाहेर राहावी म्हणून.

आता वस्तीतल्या पहिल्या घरावर थांबा आणि दार शोधा. दारासमोरच्या भिंतीला दोन कप्प्यांचं दगडी फडताळ आहे. आत येणाऱ्याची नजर पहिली त्यावरच पडावी अशी मांडणी. मधोमध दगडांनी आखलेली चौकोनी चूल. दोन्ही बाजूंना उभ्या लाद्यांचे पलंग, त्यांतला उजवीकडचा सहसा मोठा. जमिनीत बसवलेल्या दगडी पेट्यांचे सांधे चिकणमातीने बुजवलेले आहेत, म्हणजे त्यांत पाणी राहत असावं. मग दाराच्या चौकटीकडे परत या: अडसर सरकवायची भोकं तिथे दिसतील. हीच मांडणी घरोघरी आहे, त्यामुळे एक घर नीट वाचलं की बाकीची भराभर उलगडतात. अपवाद आठव्या घराचा. तिथे पलंगही नाहीत, फडताळही नाही. ती दगडाची हत्यारं घडवण्याची जागा मानतात. सातवं घर छताखाली बंद असतं. प्रतिकृती त्याचीच आहे.

इथे सापडलेल्या बऱ्याच वस्तू एडिनबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तुमचा मुक्काम एडिनबर्गला असेल तर त्या आधीच पाहून घ्या.

प्रश्न : ही वस्ती मोहेंजोदडोपेक्षा जुनी म्हणतात. मग इतकी शाबूत कशी? – एक वाचक, कोल्हापूर

हो, इथे इ.स.पू. ३१८० च्या सुमारास लोक राहू लागले आणि इ.स.पू. २५०० पर्यंत राहिले. मोहेंजोदडोची भरभराट इ.स.पू. २६०० नंतरची. शाबूत राहण्याचं पहिलं कारण लाकडाचा तुटवडा. ऑर्कनीत झाडं फार थोडी, पण तिथला दगड आपल्या शहाबादीसारखा सपाट थरांत सुटतो. त्यामुळे घरातलं सामानही दगडाचंच केलं, आणि ते कुजलं नाही. दुसरं कारण उकिरडा. शिंपले, हाडं, राख यांच्या जुन्या ढिगात घरं रुतवलेली होती. त्याने भिंतींना आधार मिळाला आणि ऊबही. वस्ती सुटल्यावर वाळूने सगळं झाकलं. १८५० च्या वादळात ती वाळू उडाली, तेव्हा भिंती वर आल्या. छपरं मात्र राहिली नाहीत.

प्रश्न : समुद्र इतका जवळ आहे. वस्तीला धोका नाही का? – एक वाचक, रत्नागिरी

आहे, आणि तो गंभीर आहे. लोक राहत होते तेव्हा समुद्र बराच लांब होता. किनारा झिजत झिजत आज घरांपाशी आला आहे. १९२० च्या दशकातल्या एका वादळाने काही भाग वाहून नेला, त्यानंतर संरक्षक भिंत बांधली. भिंतीमागचा भाग ती राखते, पण दोन्ही टोकांना लाटा मऊ जमीन कुरतडतात आणि बाजूने आत शिरू पाहतात. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उतरून भिंतीची टोकं पाहिलीत तर हे स्पष्ट दिसतं. पाहणाऱ्यांच्या पायांनीही झीज होते. भिंतींच्या माथ्यावर पाय ठेवू नका, फोटोसाठी दोरीपलीकडे जाऊ नका आणि मुलांचा हात धरून ठेवा. पावसानंतर कडेचं गवत फार निसरडं असतं.