कोंडा कुठला?

प्रश्न: माझी दहा वर्षांची मुलगी घोडबंदर रोडला घोडेस्वारी शिकते. तबेल्यात पाऊल टाकलं की शिंका, डोळे लाल, कधी कधी रात्री खोकला. आमचे डॉक्टर म्हणतात घोड्याची अ‍ॅलर्जी आहे, क्लास बंद करा. ती रडून गोंधळ घालते आहे. सोडावाच लागेल का?

उत्तर:

ताई, सोडायच्या आधी कोंडा कुठला ते बघा. घोड्याच्या अंगावरचा की त्याच्या घमेल्यातला?

मी डॉक्टर नाही. ठाण्यातच राहतो. मुलाला स्वारीला सोडता सोडता चाळिशी उलटल्यावर स्वतःच खोगिरावर चढलो आणि दुसऱ्याच महिन्यात तुमच्या मुलीसारखी गत झाली. मलाही 'घोडा सोडा' असंच सांगितलं गेलं, आणि मी मुकाट्याने सहा महिने सोडला.

परत गेलो तो मुलाच्या हट्टामुळे. रविवारची सकाळ, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार चाचा चंदी, म्हणजे घोड्यांचा खुराक, कालवत होते. रात्रभर भिजवलेला हरभरा, भरडलेला जव आणि वरून गव्हाचा कोंडा. कोंड्याचं पोतं त्यांनी घमेल्यात उलटं करून झटकलं. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात तो पांढरट धुरळा बराच वेळ तरंगत राहिला. मला ओळीने नऊ शिंका आल्या. चाचांनी मोजल्या आणि म्हणाले, "साहेब, घोडा तर पार तिकडे बांधलाय." तासाभराने त्याच घोड्याला मी बाहेर झाडाखाली स्वतः खरारा केला, मानेला गाल लावून उभा राहिलो. एक शिंक नाही. घोडं कुठं पेंड खातंय ते तेव्हा कळलं.

पुढे अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जाऊन हातावर टोचण्या करून घेतल्या, एकेका संशयितासाठी एकेक. घोड्याची जागा कोरी राहिली. धुळीतले सूक्ष्म किडे आणि बुरशी यांच्या जागी मात्र चांगल्या टपोऱ्या गांधी उठल्या. धान्याच्या पोत्यात, जुन्या कोंड्यात, दमट गवतात याच दोन गोष्टी मुक्कामाला असतात. आपल्याकडे पावसाळ्यात गवताच्या गाठी नीट वाळत नाहीत, आत गरम होतात आणि बुरशी धरतात. शिवाय वाळलेल्या गवताबरोबर त्याचे परागकणही येतात.

म्हणून घोडा निर्दोष, असं मात्र समजू नका. घोड्याची खरीखुरी अ‍ॅलर्जी असते आणि ती चांगली दणकट असू शकते. ती केसांची नसते. अंगावरचा कोंडा, लाळ, घाम यांत जी प्रथिनं असतात त्यांची असते. मांजराच्या आणि कुत्र्याच्या अंगावरही त्याच कुळातली प्रथिनं असतात, त्यामुळे मांजर जवळ आलं की तुमची लेक शिंकते का, हे आठवून बघा. हा कोंडा इतका हलका की कपड्यांना चिकटून घरी येतो, गाडीच्या सीटवर बसतो. अमुक जातीच्या घोड्याने अ‍ॅलर्जी होत नाही असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

तेव्हा पुढचे दोन-तीन रविवार तिच्यावर नजर ठेवा. शिंका कुठे उभी असताना सुरू होतात? गवताच्या खोलीपाशी, झाडलोट चालू असताना, चंदीच्या वेळी? की मोकळ्या मैदानात नुसता खरारा करतानाही? याने निकाल लागत नाही, पण डॉक्टरांना काय शोधायचं ते कळतं. शेंगदाण्याची किंवा हरभऱ्याची अ‍ॅलर्जी तिला आधीपासून असेल तर चंदीत काय काय पडतं तेही विचारून घ्या, कारण मुलं घोड्याला हाताने भरवतात आणि तोच हात डोळ्याला लावतात.

टोचणीच्या चाचणीआधी साधारण आठवडाभर अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते. ती डॉक्टरांना विचारूनच बंद करा. निकाल पंधरा-वीस मिनिटांत हातावरच दिसतो. रात्रीचा खोकला मात्र हलक्यात घेऊ नका. छातीत सूं सूं वाजत असेल किंवा दम लागत असेल तर तपासणी होईपर्यंत तबेला बंद म्हणजे बंद.

आणखी एक वेगळाच प्रकार आहे. बुरशी धरलेलं गवत हाताळल्यावर लगेच काही होत नाही, पण चार ते आठ तासांनी थंडी-ताप, खोकला, धाप. माणूस फ्लू समजून क्रोसिन घेतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ही शिंकांची अ‍ॅलर्जी नव्हे. ती टोचणीत सापडत नाही आणि फुप्फुसाला कायमची इजा करू शकते. मुलांपेक्षा रोज गवत उपसणाऱ्या मोतद्दारांना तिचा धोका जास्त, आणि त्यांच्याकडे कोण बघतं?

घोड्यालाही याच धुळीने दमा होतो, बरं का. तो तोंडाने श्वास घेऊच शकत नाही आणि नाक तर दिवसभर गवतात. म्हणून गवत पाण्यात बुडवून देणं दोघांच्याही फायद्याचं. आमच्या तबेल्यात ते सुरू झालं, कोंडाही आता ओला करूनच कालवतात. मी चंदी झाल्यावर जातो, झाडताना बाहेर थांबतो, घरी आल्यावर आधी आंघोळ. गेल्या वर्षभरात गोळी घ्यावी लागली ती बोटांवर मोजण्याइतकी.

समजा चाचणीत खरोखर घोडाच निघाला, तर एक गोष्ट तिच्या फाइलवर ठळक लिहून ठेवा. आपल्याकडे साप चावल्यावर टोचतात ती लस, म्हणजे विषाचा उतारा, घोड्याच्या रक्तापासून बनते. 'अ‍ॅलर्जी' हा शब्दसुद्धा व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने 1906 मध्ये काढला, तो घोड्याच्या रक्तातलं औषध टोचलेल्या मुलांना येणाऱ्या त्रासाचा अभ्यास करता करता. घोडबंदर रोड म्हणजे येऊरच्या डोंगराची बाजू, पावसाळ्यात घोणस-मण्यार निघते, म्हणून सांगतो. साप चावलाच तर घोड्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून लस नाकारायची नाही. डॉक्टरांना आधी सांगायचं, म्हणजे ते अ‍ॅड्रेनलिन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन) हाताशी ठेवून लस देतील.