रेषा ओलांडेपर्यंत उठू नकोस

पोरी,

तुझा मेसेज वाचला. बारावीचं वर्ष, पप्पा म्हणतात चाकांच्या स्केटिंगसारख्या ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळात वर्षं घालवू नको, आणि तू विचारतेस: पुण्याला जाऊ का, ११० मिलिमीटरची चाकं घेऊ का, की सोडूनच देऊ? तिन्हींना माझं उत्तर एकच आहे. शेवटच्या दोन लॅपला तू वाकून न राहता उठतेस. ते आधी थांबव.

मांड्या पेटल्या की तुझी कंबर वर येते, गुडघे सरळ होतात. मग पुश तोकडा पडतो आणि छातीवर वारा येतो तो वेगळाच. वळणावर उजवा पाय वरून टाकताना डाव्याने खालून, बाहेरच्या कडेवर ढकलायचं असतं. तुझा डावा नुसताच घसरत जातो. खोटं वाटत असेल तर चाकं काढून बघ, डाव्याची बाहेरची कड अजून कोरी आहे. आणि तुला मोठी चाकं हवीत! मोठ्या चाकाने उंची वाढते. घोट्यात ताकद नसेल तर ते तुला आणखी लवकर उभं करेल.

ऑलिंपिकचं पप्पांना सांग. एरिन जॅक्सन चाकांवरच वाढली आणि २०२२ मध्ये बीजिंगला बर्फावर ५०० मीटरचं सुवर्ण घेऊन गेली. आपला आनंदकुमार वेलकुमार तर चाकांवरच २०२५ मध्ये जगज्जेता झाला. पण तू २०२३ ची हांगझोऊ आशियाई स्पर्धेतली ३००० मीटर रिले बघायला हवीस. आपल्या पोरांनी त्यात कांस्य घेतलं, त्यात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे हे महाराष्ट्राचे. त्याच शर्यतीत पुढे असलेला कोरियाचा खेळाडू रेषेआधीच उठला, हात वर केले. तैवानच्या पोराने वाकूनच पाय पुढे सरकवला. फरक ०.०१ सेकंदाचा. सुवर्ण तैवानला. आता कळलं मी का ओरडते?

माझी निवड झाली होती तेव्हा घरच्यांनी एकच वाक्य म्हटलं, मुलगी एकटी कुठे जाणार. ती शर्यत मी पळलेच नाही. ते अजून सलतं. लोक विचारतात, मॅडम, सोलापुरात काय ठेवलंय, उन्हाळ्यात पारा ४२ वर जातो आणि तुम्ही पहाटे पोरांना डांबरावर पळवता. मी हट्टानं राहिले. वाकून राहायला शिकवायचं तर पाठ टेकून बसायला भिंत आणि दमलेल्या मांड्या पुरतात, असं मी मानते आणि मानत राहणार.

पुण्याला जायचं तर जा. हुतात्मा एक्स्प्रेस पकड, बँक्ड म्हणजे वळणावर कलत्या ट्रॅकचा सराव लागणारच. पण इथे उठणारी तिथेही उठते, फक्त फी जास्त जाते.

परीक्षा नीट दे. पप्पांशी मी बोलते. नव्या चाकांचे पैसे सध्या ठेवून दे, आहेत ती डावी-उजवी अदलाबदल कर, बेअरिंग धुऊन घे. शनिवारी पहाटे साडेपाचला ये. शेवटच्या दोन लॅपला मी स्कूटीवरून मागे असेन, आणि कंबर वर आली की तिसरा लॅप लावीन.

तुझी,
मॅडम