मिसळीचा गॅस आणि नसांचा वायू

प्रश्न : डॉक्टर, मी सदाशिव पेठेतली, वय ६८. नातू म्हणतो, आतड्याच्या नसा वायूने निरोप देतात. मिसळ खाल्ल्यावर होतो तो गॅस हाच का?

उत्तर : नाही हो काकू! मिसळीचा गॅस मटकीतल्या न पचलेल्या शर्करांवर ताव मारणाऱ्या जंतूंचा. नातू म्हणतो तो मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड. आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी तो साठवत नाहीत, लागेल तेव्हाच बनवतात. तो स्नायूपेशीत शिरला की तिथे सीजीएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो, स्नायू सैलावतो. घासामागचा भाग आवळतो, पुढचा असा मोकळा होतो. अन्ननलिकेच्या खालच्या झडपेतल्या या चेतापेशी नष्ट झाल्या तर झडप नीट उघडत नाही, घास अडतो, तो अकॅलेशिया. कार्बन मोनॉक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही आपल्या पेशी किंचित प्रमाणात बनवतात. नातू हुशार दिसतोय. १९९८चं वैद्यकाचं नोबेल कशासाठी दिलं गेलं, ते त्याला विचारा.