नोकरी सोडून बाळंतपणाची नर्स व्हायचे आहे, तर घर कसे चालवायचे?

प्रश्न : मी डिचोलीची, वय ३१, अविवाहित. कांदोळीतल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला ७ वर्षे काम करते. हातात २४,००० रुपये येतात, बेसिक १८,०००. बारावी आर्ट्समधून, मग बी.ए. घरी मी आणि ६४ वर्षांची आई. तिला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे २,००० मिळतात. घरखर्च १४,०००. महिन्याला १०,००० मागे पडतात आणि आजवरची शिल्लक २ लाख ६० हजार आहे. मला सुईण व्हायचे आहे, रीतसर शिकलेली. नोकरी सांभाळून जमेल का? यंदाच प्रवेश घेऊ का?

उत्तर : नोकरी सांभाळून जमणार नाही. आणि आमचे मत विचाराल तर यंदा नको, पुढच्या वर्षी घ्या. कारण सांगतो.

आपल्याकडे फक्त सुईणकामाचा असा थेट अभ्यासक्रम नाही, वाट नर्सिंगमधूनच जाते. बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचे, त्याला बारावी सायन्स लागते, म्हणजे ते तुमच्यासाठी बंद. तुमच्यासाठी जीएनएम, जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी : ३ वर्षे, शेवटचे ६ महिने इंटर्नशिप. बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय हवा, ४० टक्के हवेत. वयाची वरची मर्यादा ३५. बी.ए.चा प्रवेशासाठी उपयोग नाही, बारावीची मूळ गुणपत्रिका शोधून ठेवा. एएनएम, ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, हा २ वर्षांचा कोर्सही आहे, पण त्यावर मुख्यतः गावातल्या आरोग्य उपकेंद्रातले काम मिळते. प्रसूतिकक्षात उभे राहायचे असेल तर जीएनएमचे एक वर्ष जास्त गेले तरी ते वसूल होते.

नोकरी का जमत नाही? परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, आणि प्रमाणपत्र हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलचे सगळे, म्हणजे १०० टक्के तास भरून द्यावे लागतात. आजारी पडलात तरी ते तास माफ होत नाहीत, नंतर भरावे लागतात. त्यात फिरत्या शिफ्ट, रात्रपाळी, गावातल्या आरोग्य केंद्रावरची पोस्टिंग. हॉटेलची नाइट शिफ्ट करून सकाळी वॉर्डात उभे राहणाऱ्या मुली पहिल्याच वर्षी थकतात आणि हजेरीत अडकतात. रविवारी एखादी शिकवणी घेतली तर ठीक. पण महिन्याला २,००० पेक्षा जास्त कमाई हिशेबात धरू नका.

आता पैसे. ३६ महिन्यांचा कोर्स, त्यापुढे निकाल, नोंदणी आणि नोकरी मिळेपर्यंत ६ महिने, असे ४२ महिने धरा. १४,००० च्या हिशेबाने ५ लाख ८८ हजार लागतील. यंदा नोकरी सोडलीत तर शिल्लक २ लाख ६० हजार, आईचे ८४,००० आणि ग्रॅच्युइटी. ग्रॅच्युइटी म्हणजे बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण झालेली वर्षे. ७ वर्षांचे सुमारे ७२,७०० होतात. तरी १ लाख ७१ हजार कमी पडतात, म्हणजे दर महिन्याला ४,००० च्या वर. एक वर्ष थांबलात तर शिल्लक १ लाख २० हजाराने वाढते, ग्रॅच्युइटी ८३,००० होते आणि तूट ४१,००० वर येते. महिन्याला हजाराच्या आत. ती रविवारच्या शिकवणीतून भागते. वय तेव्हा ३२ असेल, म्हणजे एखादी प्रवेशफेरी हुकली तरी पुढची हाताशी राहते. राजीनाम्याची तारीख मात्र नोकरीचे आठवे वर्ष पूर्ण झाल्यावरचीच टाका.

पीएफ काढू नका. आईचे आजारपण आले तर तेवढाच आधार. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचे, कार्ड चालू आहे का तेही आताच पाहून घ्या.

फी वरच्या हिशेबात नाही, ती कर्जातून. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, आणि कोर्स व त्यानंतरचे १ वर्ष हप्ता लागत नाही. व्याज मात्र चढतच असते. ३ लाखांवर १० टक्क्यांनी महिन्याला २,५०० झाले. बँकेत जाण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या व्याजमुक्त कर्ज योजनेची चौकशी करा. तिथे पहिला प्रश्न वयाच्या अटीचा विचारा, दुसरा तुम्ही निवडलेला कोर्स आणि कॉलेज योजनेत बसते का, हा.

कॉलेजकडून फीचा तक्ता लेखी घ्या : शिक्षणाची फी, वसतिगृह, गणवेश, परीक्षा, पोस्टिंगचा प्रवास, सगळे वेगवेगळे. मध्येच सोडावे लागले तर किती परत मिळते आणि मूळ कागदपत्रे कधी मिळतात, तेही लिहून घ्या. भांडणे बहुतेक याच दोन गोष्टींवरून होतात. गोव्यात जागा थोड्या, म्हणून बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडेही बघावे लागेल. तिकडून पास झालात तर आधी त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, मग तिथली एनओसी घेऊन गोवा नर्सिंग कौन्सिलकडे. गोव्यात सरकारी नोकरी धरायची असेल तर १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणी हवी, ती तुम्हाला अडचणीची नाही.

आणि एक काम आजच करा. हेपॅटायटिस बीची लस सुरू करा. ३ डोस, आज, १ महिन्याने, ६ महिन्यांनी. वॉर्डात पाय ठेवण्याआधी तिन्ही झालेले हवेत.

प्रश्न : वय ३८, फोंडा. सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग’ कोर्सची जाहिरात पाहिली. तो करून बाळंतपणे करता येतील का?

उत्तर : नाही. अशा कोर्सवर नर्सिंग कौन्सिल नोंदणी देत नाही, आणि नोंदणीशिवाय बाळंतपण करणे बेकायदा आणि धोक्याचेही. फी भरण्याआधी एकच विचारा, ‘यावर रजिस्ट्रेशन नंबर मिळतो का?’ जीएनएमची वयोमर्यादा ३५ आहे, सूट आहे ती आधीच एएनएम झालेल्यांना. तुम्ही एएनएम नसाल तर हे दार बंद आहे, खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालणे, स्तनपानाला मदत करणे ही कामे मानाची आहेत आणि त्यांना मागणीही आहे. पूर्वीच्या वयजिणीकडे, म्हणजे गावच्या सुईणीकडे, तेही असायचे.

प्रश्न : म्हापसा. जीएनएम झाले, पण ५ वर्षे खासगी जनरल वॉर्डातच गेली. आता लेबर रूममध्ये जायचे आहे. पगार न गमावता कसे जाऊ?

उत्तर : तुमची वाट सर्वांत सोपी. आधी कौन्सिलची नोंदणी चालू आहे का पाहा, नूतनीकरणाला ५ वर्षांत १५० तासांचे सततशिक्षण लागते. मग आहे त्याच रुग्णालयात प्रसूतिकक्षात बदली मागा, किंवा मॅटर्निटी असलेल्या ठिकाणी अर्ज करा. सरकारी सेवेत गेलात तर २१ दिवसांचे एसबीए, म्हणजे कुशल प्रसूती साहाय्याचे, प्रशिक्षण मिळते.

तोवर पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते त्याच्या नोंदीच्या तक्त्यावर, हात बसवा. नोकरीच्या मुलाखतीत कोरा कागद पुढे ठेवून भरायला सांगितला तर तो आलाच पाहिजे. गर्भमुख ४ सेंमी उघडले की भरायला सुरुवात. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके आणि १० मिनिटांत किती कळा आल्या, त्या घड्याळ समोर ठेवून, पोटावर हात ठेवून मोजायच्या. रक्तदाब आणि आतली तपासणी दर ४ तासांनी. नेहमीची चूक म्हणजे बाळंतपण उरकल्यावर आठवणीने कागद भरणे. मग अलर्ट रेषा, म्हणजे प्रसूती रेंगाळल्याची तक्त्यावरची खूण, ओलांडल्याचे कळते तेव्हा बाईला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला हलवण्याची वेळ निघून गेलेली असते.

दुसरे ऑक्सिटोसिन, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारे इंजेक्शन. बाळ बाहेर आल्यापासून १ मिनिटाच्या आत १० युनिट, स्नायूत. त्याआधी पोट चाचपून दुसरे बाळ नाही ना याची खात्री. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. ट्रेमध्ये तासन्‌तास पडून राहिले, वीज गेली, की उन्हाळ्यात ते कमजोर होते. इंजेक्शन दिले तरी रक्तस्राव थांबत नाही आणि दोष कोणाचा हे कळत नाही. म्हणून एम्पूल वेळेवरच फ्रिजमधून काढा.

पुढे नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी हा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, केंद्राने २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोंदणीकृत नर्स आणि २ वर्षांचा प्रसूतिकामाचा अनुभव लागतो. साधारणपणे सेवेतल्या नर्सना राज्याकडून पाठवले जाते, म्हणून सरकारी नोकरी आधी, हा कोर्स मग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) गोव्यातली ३९.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. नैसर्गिक प्रसूतीला धीराने साथ देणाऱ्या नर्सची इथे फार गरज आहे.

प्रश्न : काणकोण. बांबोळीला शिकायला रोज कदंबा बसने जा-ये केली तर वसतिगृहाचे पैसे वाचतील का?

उत्तर : पैसे वाचतील, हजेरी जाईल. सकाळच्या ड्युटीला पहाटे निघावे लागेल आणि रात्रपाळीला सोयीची बस नाही. वसतिगृहच घ्या. तेवढे जड जात असेल तर निदान प्रसूतिकक्षाच्या पोस्टिंगपुरती बांबोळी किंवा सांताक्रूझला खोली दोघी-तिघींनी मिळून घ्या. बाळंतपणे रात्रीही होतात, आणि केस बुकात, म्हणजे केलेल्या बाळंतपणांच्या नोंदवहीत, सही त्याच मुलीला मिळते जी त्या वेळी तिथे उभी असते.